दहा गोळ्यांची शिडी

ट्रिकलर म्हणजे पावडर किंचित किंचित सोडणारं साधन; त्याची नळी दोन बोटांनी हळूच फिरवली की तिच्या तोंडातून बंदुकीच्या पावडरीच्या कांड्या एकेक करून वजनकाट्याच्या पेल्यात पडतात. पेन्सिलीचं शिसं तिळाएवढं कातरून ठेवावं, तशा दिसतात त्या. शेवटच्या दोन-तीन कांड्यांना हात अगदी हलका लागतो. एखादी जास्त पडली तर चिमट्याने उचलून परत डब्यात. अमेरिकेत हजार यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर नेम धरणारे हौशी नेमबाज आपली काडतुसं घरच्या टेबलावर अशी स्वतः भरतात.

माप ग्रेनचं. शब्द परका वाटेल, पण इंग्रजांनी 1833 मध्ये तोळा ठरवला तो 180 ग्रेनचाच. तोळ्याच्या गुंजा 96, म्हणजे ग्रेन जेमतेम अर्ध्या गुंजेएवढा. ही मंडळी त्याचाही दहावा भाग तोलतात!

एवढा सोस कशासाठी? 6.5 क्रीडमोर हे काडतूस घ्या. पुंगळीत चाळीस ग्रेनच्या आसपास पावडर, गोळी 140 ग्रेनची, बंदुकीच्या नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला साधारण 2700 फूट. हा वेग दहा फुटांनी घटला तर हजार यार्डांवर गोळी सहा-सात सेंटिमीटर खाली लागते. आणि पावडर 0.2 ग्रेनने वाढवली की वेग दहा-बारा फुटांनी वाढतो.

वाढवायलाही हद्द आहे. ही पावडर बंद जागेत जळते तेव्हा दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, त्याने दाब पुन्हा वाढतो. या काडतुसासाठी अमेरिकेत ठरलेली कमाल मर्यादा आहे दर चौरस इंचाला 62,000 पौंड. मोटारीच्या टायरात हवा असते 32 पौंडांची. म्हणूनच पावडर बनवणाऱ्यांच्या छापील तक्त्यातला कमाल आकडा पाहून, त्याच्या सुमारे दहा टक्के खालून सुरुवात करायची. इथे अंदाजाला जागा नाही.

मग त्या दोन आकड्यांमधलं नेमकं कोणतं वजन निवडायचं? इथे येते शिडी. क्रेटन ऑडेट या अमेरिकी नेमबाजाच्या नावाने ती ओळखली जाते. दर काडतुसात थोडी थोडी पावडर वाढवत न्यायची, प्रत्येक वजनाची एकच गोळी झाडायची आणि लागोपाठच्या गोळ्या उंचीला कुठे एकत्र बसतात ते पाहायचं. पुढे वेग मोजणारा क्रोनोग्राफ स्वस्त झाला, तेव्हा लोक वेगाच्या आलेखातच अशी ‘सपाट पायरी’ शोधू लागले. पावडर वाढूनही वेग वाढला नाही, तर तिथे काडतूस ‘स्थिर’ आहे, असा समज.

हा समज हिशेबाला टिकत नाही. एकाच वजनाच्या गोळ्यांचे वेगही सारखे नसतात. चांगल्या काडतुसातही प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप, दहा फुटांचं असू शकतं. दोन गोळ्यांमधल्या फरकाचं विचलन मग चौदा फूट होतं. 0.2 ग्रेनच्या पायरीची खरी वाढ मात्र अकरा फूट. गणित मांडलं तर दर पाच पायऱ्यांमागे साधारण एका पायरीवर निव्वळ योगायोगाने वेग वाढलेला दिसणार नाही. दहा गोळ्यांच्या शिडीत नऊ अंतरं, म्हणजे दोनेक सपाट पायऱ्या नुसत्या नशिबाने मिळतात. दुसऱ्या दिवशी तीच शिडी पुन्हा झाडा, पायऱ्या जागा बदलतात.

वेग कमी-जास्त असूनही गोळ्या एकाच उंचीवर लागू शकतात, ही शिडीमागची मूळ कल्पना मात्र खोटी नाही. आपल्या पोलिसांची थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, लांब पल्ल्यावर अनपेक्षितपणे चांगली चालायची. बार उडताच तिची नळी थरथरते, आणि गोळी सुटण्याच्या क्षणी तोंड वर जात असतं. मंद गोळी किंचित उशिरा बाहेर पडते, तोवर तोंड आणखी उचललेलं असतं; तिचं खाली जाणं असं आपोआप भरून निघतं. केवढी सुंदर गोष्ट आहे ही! पण ती पकडायला एकेक गोळी पुरत नाही.

पाच गोळ्यांवरून विचलन आठ फूट आलं, तर 95 टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की खरं विचलन पाच ते तेवीस फुटांच्या दरम्यान आहे. तीस गोळ्या झाडल्या तर हीच कक्षा सुमारे 6.4 ते 10.75 फुटांवर येते. पण अचूक नळीचं आयुष्य दोन-तीन हजार गोळ्यांचं. दहा वजनं, प्रत्येकी तीस गोळ्या म्हटलं की नळीचा किमान दहावा हिस्सा चाचणीतच जळतो. पाच गोळ्यांवर विश्वास ठेवण्याचा मोह होतो तो यामुळे.

मला त्यातून एकच वाट पटते. तक्त्याच्या कमाल आकड्यापासून अंतर राखून एक वजन निवडावं आणि त्याच वजनाच्या तीस गोळ्या झाडाव्यात. विचलन दहाच्या आसपास आलं, तर ट्रिकलर बाजूला ठेवून वाऱ्याकडे वळावं. हजार यार्डांवर ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा ही गोळी जवळपास दोन मीटर ढकलतो. त्याचा अंदाज ताशी दीड किलोमीटरने जरी चुकला, तरी गोळी वीतभर बाजूला जाते.