अमेरिकेत पोलिसांनी हक्क डावलले तर: कलम १९८३ खालचा दावा, पात्रता आणि कागदपत्रं

फेब्रुवारी २०१५. अलाबामातल्या मॅडिसन शहरात, नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले एक आजोबा सकाळी फिरायला निघाले. कुणीतरी पोलिसांना फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, आणि बोलाचाली सुरू असतानाच एका पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. मणक्याला जबर इजा झाली. त्या पोलिसावरचा फौजदारी खटला टिकला नाही, पण दिवाणी दावा २०२१ मध्ये साडेसतरा लाख डॉलरवर मिटला.

असा दिवाणी दावा ज्या कायद्याखाली होतो तो म्हणजे फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्यांच्या संहितेच्या ४२व्या भागातलं कलम १९८३. हा आकडा सालाचा नाही. कायदा १८७१ चा, कु क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या संघटनेच्या दहशतीला आळा घालायला केलेला.

दावा कोण करू शकतं?

नागरिकत्वाची अट नाही. ग्रीन कार्ड, एच-१बी, टूरिस्ट व्हिसा, काहीही चालतं. राज्यांना कायद्यासमोर सगळ्यांना समान वागवायला लावणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं संरक्षण नागरिकांपुरतं नाही, हे सुप्रीम कोर्टाने १८८६ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी लाँड्रीवाल्यांच्या खटल्यात सांगून ठेवलंय. मात्र कोर्टातले कागद सार्वजनिक असतात. व्हिसाची भानगड असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

कुणावर करायचा?

निम्मे दावे इथेच घसरतात असं मला वाटतं. प्रतिवादी हा राज्याच्या, काउंटीच्या (जिल्ह्यासारखा विभाग) किंवा शहराच्या अधिकाराने वागणारा माणूस हवा: पोलीस, तुरुंगाधिकारी, सरकारी शाळेचा अधिकारी. मॉलचा खासगी सिक्युरिटी गार्ड सहसा यात बसत नाही. शहरावर दावा करता येतो, पण त्याचं धोरण किंवा रुळलेली पद्धतच चुकीची होती हे दाखवावं लागतं. नुसतं ‘तो तुमचा नोकर होता’ म्हणून भागत नाही. राज्य सरकारवर नुकसानभरपाईचा दावा या कलमाखाली होतच नाही.

विमानतळावरचे कस्टम्सचे किंवा इमिग्रेशनचे अधिकारी फेडरल असतात, त्यांना हे कलम लागू नाही. तिथे एसएफ-९५ हा भरपाई मागण्याचा सरकारी फॉर्म भरून दोन वर्षांच्या आत संबंधित खात्याकडे द्यायचा. त्यात मागणीची रक्कम ठरावीक आकड्यात लिहा. ‘योग्य ती भरपाई’ असं लिहिलंत तर तो अर्ज अर्जच धरला जात नाही.

मुदत

कलम १९८३ च्या दाव्याची मुदत राज्यागणिक बदलते. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षं, कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू जर्सी आणि इलिनॉयमध्ये दोन, टेनेसी व केंटकीत फक्त एक. पोलीस खात्याकडे अंतर्गत तक्रार केली म्हणून ही मुदत सहसा थांबत नाही. ‘चौकशी चालू आहे’ या उत्तरावर विसंबून बसलात तर वर्ष कधी उलटलं ते कळणार नाही. आणि सोबत राज्याच्या कायद्याखाली मारहाणीची भरपाईही मागायची असेल, तर न्यूयॉर्कमध्ये शहराला ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते.

कागदपत्रं

आधी पुरावा. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक काळानंतर पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असं पत्र पहिल्याच आठवड्यात पाठवा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. त्याशिवाय हॉस्पिटलचे कागद, जखमांचे तारखेसह फोटो, साक्षीदारांची नावं, पोलीस रिपोर्ट.

मग कोर्टाचे फॉर्म. वकील नसेल तर ‘प्रो से १५’ नावाचा वादपत्राचा छापील नमुना फेडरल कोर्टांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यासोबत जेएस-४४ हे दाव्याचं मुखपृष्ठ आणि प्रत्येक प्रतिवादीसाठी समन्स. फी डिसेंबर २०२३ पासून ४०५ डॉलर आहे. परवडत नसेल तर उत्पन्न आणि खर्च लिहून फीमाफीचा अर्ज करता येतो. सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे, जन्माचं फक्त साल आणि लहान मुलांच्या नावाची आद्याक्षरं, एवढंच लिहायचं.

घटनेचं वर्णन लिहिताना विशेषणं गाळा. ‘निर्दयीपणे वागले’ यापेक्षा ‘सकाळी नऊच्या सुमारास, हात मागे धरलेले असताना, डाव्या पायाने पाय उडवला’ हे जजला उपयोगी पडतं.

आपल्याकडच्या घरांत एक गैरसमज हमखास असतो: आईबाबांच्या वतीने मुलगा सगळं पाहील. फॉर्म भरायला तो मदत करू शकतो, पण स्वतः वकील नसेल तर सही करू शकत नाही आणि कोर्टात बोलूही शकत नाही. सही आईबाबांचीच लागते. ते पुण्याला परतले असतील तरी अडत नाही. ‘अमेरिकेच्या कायद्यानुसार खोट्या साक्षीच्या शिक्षेस पात्र राहून’ असं ठरावीक इंग्रजी वाक्य, तारीख आणि सही असलेलं निवेदन फेडरल कोर्टात प्रतिज्ञापत्राच्या जागी बहुतेक ठिकाणी चालतं, नोटरीचा शिक्का लागत नाही.

दाखल केल्यावर

जिथे घटना घडली त्या भागाच्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा लावायचा. नव्वद दिवसांत समन्स बजावायचं, तेही स्वतः नाही, अठरा वर्षांवरच्या तिऱ्हाइताकडून. फीमाफी मिळाली असेल तर हे काम मार्शल, म्हणजे फेडरल कोर्टांचे अंमलबजावणी अधिकारी, करतात. समन्स मिळाल्यावर प्रतिवादीला उत्तरासाठी २१ दिवस असतात.

त्या उत्तरात ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ बहुधा येणारच. म्हणजे हे वागणं बेकायदा आहे असं आधीच्या निकालांतून स्पष्ट झालेलं नव्हतं, सबब अधिकाऱ्याला जबाबदार धरू नका. इथे जुळणारे जुने निकाल शोधून दाखवावे लागतात आणि ते एकट्याने करणं फार अवघड आहे. जिंकल्यास वकिलाची फी प्रतिवादीकडून वसूल करायची तरतूद कलम १९८८ मध्ये आहे, त्यामुळे आगाऊ पैसे न घेता केस घेणारे वकीलही सापडतात. पहिल्या भेटीला जाताना घटनेची तारीख, राज्य आणि अधिकाऱ्याचा बॅज नंबर एका कागदावर लिहून न्या.