हॉरर गेमची भीती विरते कशी, 'अलोन इन द डार्क'पासूनची पार्श्वभूमी

नवीन हॉरर गेम आला की महिन्याभरात एक तक्रार हमखास ऐकू येते, पहिले दोन तास जाम टरकलो पण नंतर काहीच वाटेना. मग कुणी ग्राफिक्सला नावं ठेवतं, कुणी कंपनीला, कुणी म्हणतं आता आपलंच वय झालं. मला विचाराल तर हे दुखणं गेम या प्रकाराच्या मुळातच आहे आणि ३० वर्षांपेक्षा जुनं आहे. सिनेमात आपण नुसतं बघतो, गेममध्ये आपल्याला जिवंत राहायचं असतं, त्यासाठी नियम शिकावेच लागतात, आणि एकदा का भुताचे नियम कळले की त्या भुतात राहिलं काय?

१९९२ चा 'अलोन इन द डार्क' घ्या. फ्रान्सच्या इन्फोग्रामेसचा गेम, फ्रेडरिक रेनाल यांचा, थ्रीडी हॉररची सुरुवात बरेच लोक इथूनच धरतात. आपण एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर असतो, जरा इकडेतिकडे बघेपर्यंत खिडकी फोडून एक अक्राळविक्राळ जनावर आत घुसतं. पहिल्यांदा खेळणाऱ्याची फाटतेच, कारण खिडकी ही शोभेची वस्तू नाही हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दुसऱ्यांदा खेळणारा मात्र आल्या आल्या कपाट ढकलून खिडकीला लावतो, पेटी सरकवून जमिनीतल्या झडपेवर ठेवतो, आणि निवांत माळा धुंडाळतो. खोली तीच, जनावर तेच, पण भीतीच्या जागी आता घरी पाहुणे यायच्या आधी करायची कामं असतात ना तसं झालेलं असतं. पुढची सगळी गोष्ट या कपाटातच आहे असं मला वाटतं.

जपानमध्ये कॅपकॉम कंपनीने १९८९ मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर 'स्वीट होम' नावाचा गेम काढला होता, त्यात मेलेलं पात्र कायमचं मेलेलं. त्याचाच नवा अवतार करायला म्हणून घेतलेल्या कामातून शिंजी मिकामी यांचा १९९६ चा 'रेसिडेंट ईव्हिल' आला, झॉम्बींनी भरलेल्या वाड्यातला. गोळ्या मोजक्या, कॅमेरा एका जागी खिळलेला त्यामुळे कोपऱ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि सेव्ह करायला टाइपरायटर, त्याला रिबन लागणार, ती पण मोजकीच. म्हणजे मरणाची किंमत खरी होती, तासभराची मेहनत पाण्यात जायची. मावसभावाकडे प्लेस्टेशन होतं तिथे आम्ही हा खेळलो, वाड्यातल्या एका बोळातून जाताना कुत्रे काच फोडून आत आले तेव्हा दोघंही ओरडलो होतो, मावशी स्वयंपाकघरातून धावत आली होती. दुसऱ्या दिवशी तोच भाऊ मला सांगतोय, अजून दोन पावलं जा, थांब, आता येईल, मार. एका रात्रीत एवढा फरक.

बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही, आणि म्हणूनच मला 'रेसिडेंट ईव्हिल'चा २००२ चा, निन्टेंडोच्या गेमक्यूबवरचा रिमेक फार भारी वाटतो. मिकामींना माहीत होतं की लोकांना वाडा पाठ आहे. म्हणून त्या बोळातून पहिल्यांदा जाताना काचेला नुसता तडा जातो, कुत्रे येतच नाहीत, ते नंतर येतात, जेव्हा आपण तो बोळ 'झाला' म्हणून सोडून दिलेला असतो. जुन्या गेममध्ये झॉम्बीखाली रक्ताचं थारोळं पसरलं की तो मेला हे पक्कं असायचं, रिमेकमध्ये प्रेत रॉकेल टाकून जाळलं नाही किंवा डोकं उडवलं नाही तर तो काही वेळाने लाल डोक्याचा होऊन उठतो आणि पळत अंगावर येतो. पाठ केलेले नियमच आपल्यावर उलटवायचे, याहून चांगला उपाय मला आजवर दिसलेला नाही. पण उपाय एकदाच चालतो, कारण रिमेक पण पाठ होतोच.

कोनामीच्या 'सायलेंट हिल'चं (१९९९) धुकं सगळ्यांना माहितीये. प्लेस्टेशनला लांबचं चित्र काढणं झेपत नव्हतं, ते धुक्यात आणि अंधारात लपवलं आणि त्यातूनच तो गेम इतका भयाण झाला. त्यातला रेडिओ तर कमाल, राक्षस जवळ आला की खरखरतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की रेडिओ गप्प म्हणजे आसपास कुणी नाही, आणि खेळणारा चार तासांत हे शिकतो, मग शांततेची जी धास्ती वाटायला हवी ती वाटतच नाही.

मग २००५ ला 'रेसिडेंट ईव्हिल ४' आला, कॅमेरा खांद्यामागे, नेम नीट धरता येतो, बंदुका सुधारून देणारा व्यापारी सोबतीला. गेम म्हणून अप्रतिम, पण भीतीचं त्यानंतर वाटोळं झालं असं मी म्हणेन, कारण सगळे त्याच वाटेला लागले. पाचव्या भागात (२००९) सोबतीण आली, 'डेड स्पेस'च्या तिसऱ्या भागात (२०१३) दोघांनी मिळून खेळायची सोय आणि सगळ्या बंदुकांना एकाच जातीच्या गोळ्या. जवळ माणूस आणि खिशात गोळ्या असल्यावर कोण घाबरणार?

उलटी वाट धरली ती स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सच्या 'ॲम्नेशिया'ने, २०१० मध्ये, हत्यारच काढून घेतलं, फक्त पळा आणि लपा. २०१४ मध्ये 'एलियन: आयसोलेशन' आला, त्यात तर एलियनला दोन मेंदू दिलेत, एकाला आपण कुठे आहोत ते कायम माहीत असतं पण तो दुसऱ्याला नुसता अंदाज देतो, खरा शोध एलियनला स्वतःच्या डोळ्याकानांनीच घ्यावा लागतो, त्यामुळे तो कधी कुठून येईल ते पाठ करता येत नाही. सेव्ह करायला भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालायचं आणि तीन दिवे एकेक करून लागेपर्यंत उभं राहायचं, तेवढ्यात मागून खल्लास होऊ शकता. ते तीन दिवे मला अजून आठवतात. पण गेम लांबलचक आहे, मध्येच आगीचा झोत फेकणारी बंदूक हातात येते, एलियन आगीला बिचकून पळतो हे कळतं, आणि त्या क्षणापासून तो संकट न राहता अडथळा होतो.

त्याच वर्षीचा 'पी.टी.', म्हणजे 'सायलेंट हिल'च्या नव्या भागाची खेळता येणारी झलक, मात्र टिकला, एकच बोळ पुन्हा पुन्हा, आणि शेवट नक्की कशाने होतो हेच कुणाला धड उमगत नव्हतं. २०१५ मध्ये तो प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला. तासादीडतासाचा होता, जुना व्हायला वेळच मिळाला नाही त्याला.

आत्ताचं बघायचं तर 'फास्मोफोबिया', २०२० चा, घरातलं भूत कोणत्या जातीचं ते ओळखायचा गेम. माइकवरून आपला आवाज भुताला ऐकू जातो, सुरुवातीला लोक स्वतःच्या घरात कुजबुजत खेळायचे. आता सराईत खेळाडू बघा, भुताची शिकार काही वेळ रोखणारा धूप पेटवतो आणि स्टॉपवॉच लावतो. ९० सेकंद झाल्या झाल्या भूत शिकारीला निघालं तर ते 'स्पिरिट' जातीचं नाही, कारण त्याला १८० लागतात. दिवे फडफडतात, दार आपोआप लागतं, जिन्यावरून पावलं वर येतात, आणि हा कपाटात उभा राहून ती पावलं मोजतोय, वेगावरून भुताची जात ठरवायला.