ध्वनिमुद्रित ख्रिस्ती विचारसंवाद

चालू घडामोडी किंवा इतिहासातील प्रसंग समोर ठेवून, बायबल आणि ख्रिस्ती धर्मविचार यांच्या आधारे त्यांचा अर्थ लावण्यासाठी दोघांनी वा अनेकांनी केलेले आणि ध्वनिमुद्रणाद्वारे जपलेले किंवा प्रसारित केलेले संभाषण. मुलाखत, परिसंवाद, जाहीर वादविवाद, बायबलवाचनानंतरची गटचर्चा आणि अलीकडचे पॉडकास्ट ही त्याची रूपे. प्रवचनाशी त्याचे जवळचे नाते आहे, पण प्रवचनकाराला मधेच कोणी थांबवत नाही. संवादात समोरचा माणूस ‘हे कशावरून?’ असे विचारू शकतो, आणि वक्त्याची अडचण, त्याने घेतलेली माघार, सावरून घेतलेला शब्द हे सगळे फितीवर उतरते. शिवाय युद्ध, दंगल किंवा निवडणूक यांचा शेवट काय होणार हे ठाऊक नसताना माणूस काय बोलला, ते तसेच्या तसे उरते. त्यामुळे इतिहासाविषयी झालेले हे बोलणे काही वर्षांनी स्वतःच इतिहासाचे साधन ठरते.

पूर्वपीठिका

या प्रकाराचे बीज खुद्द शुभवर्तमानात आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काही लोक येशूकडे ताजी बातमी घेऊन येतात : रोमन सुभेदार पिलाताने काही गालीलकरांचे रक्त त्यांच्या यज्ञांत मिसळले. येशू त्यात दुसऱ्या बातमीची भर घालतो. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. मेलेली माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न करून तो स्वतःच ‘नाही’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवतो. अवघ्या पाच वचनांचा हा प्रसंग पुढच्या सगळ्या ख्रिस्ती भाष्याची कसोटी मानायला हवा. भूकंपात वा साथीत बळी पडलेल्यांना देवाने शिक्षा केली असे सांगणारे भाष्य या कसोटीला उतरत नाही.

ध्वनिमुद्रणयंत्र येण्याच्या कितीतरी आधी संभाषणे टिपून ठेवण्याची धडपड झाली. इ. स. ३८६ मध्ये ख्रिस्ती तत्त्ववेत्ता ऑगस्टीनने इटलीतील कासिसियाकुम येथे आई, मित्र आणि शिष्य यांच्याशी केलेल्या चर्चा लघुलेखकाकडून उतरवून घेतल्या होत्या. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले तेव्हा जुन्या देवांना सोडल्यामुळेच ही वेळ आली, असा ठपका ख्रिस्ती लोकांवर आला. त्याला उत्तर म्हणून ऑगस्टीनने ४१३ ते ४२६ या काळात बावीस खंडांचा ग्रंथ लिहिला. साम्राज्यांचा उदय म्हणजे देवाची शाबासकी आणि अस्त म्हणजे शिक्षा असा सरळ हिशेब मांडता येत नाही, ही त्यातली शिकवण आजच्या संवादांतही वारंवार आधाराला घेतली जाते.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या घरी जेवणाच्या मेजावर चालणारी संभाषणे साधारण १५३१ पासून त्याचे शिष्य आणि पाहुणे टिपू लागले. तुर्कांची स्वारी, राजेरजवाडे, पोप, शेजारीपाजारी असे सगळेच विषय त्यांत आहेत. ज्यूंविषयीचे विषारी उद्गारही आहेत. योहानेस ऑरिफाबरने ही टिपणे १५६६ मध्ये छापली, तेव्हा त्याने विषयवार मांडणी केली आणि भाषेत स्वतःची भर घातली. टिपलेले शब्द आणि उच्चारलेले शब्द यांतले हे अंतर ध्वनिफितीच्या युगातही पुरते मिटलेले नाही.

नभोवाणी आणि दूरचित्रवाणी

२ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील उपासना प्रक्षेपित केली. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकन नभोवाणी सुरू झाली. या पहिल्या काळात उपासना आणि व्याख्यान यांचेच राज्य होते. संवादाला जागा थोडी होती. एकतर्फी बोलण्याचा धोका याच काळात दिसला. मिशिगनमधील कॅथलिक धर्मगुरू चार्ल्स कॉगलिन १९२६ पासून नभोवाणीवर बोलत असत आणि त्यांचा श्रोतृवर्ग अफाट होता. २० नोव्हेंबर १९३८ रोजी, जर्मनीत ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनामंदिरे उद्ध्वस्त झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, त्यांनी त्या अत्याचारांना साम्यवादावरची प्रतिक्रिया ठरवले. त्या खोलीत त्यांना प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. ख्रिस्ती शब्दांत गुंडाळलेला द्वेष लाखो घरांत थेट पोचला. या विषयाच्या इतिहासात हे पान झाकून ठेवता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीवर जेझुइट या कॅथलिक संघातले तत्त्वज्ञ फ्रेडरिक कोपलस्टन आणि नास्तिक मताचे तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांच्यात ईश्वराच्या अस्तित्वावर वाद झाला. त्याचा विषय चालू घडामोडींचा नव्हता, पण दोन विरोधी माणसे एकमेकांचे पूर्ण ऐकून घेत बोलू शकतात, याचा तो नमुना ठरला. १९५८ मध्ये अमेरिकी पत्रकार माइक वॉलेस यांनी रायनहोल्ड नीबूर या प्रॉटेस्टंट विचारवंताची दूरचित्रवाणीवर मुलाखत घेतली. अण्वस्त्रे आणि धर्म व राज्यसंस्था यांचा संबंध हे तिचे विषय होते.

१७ एप्रिल १९६०, ईस्टरचा रविवार. ‘मीट द प्रेस’ या अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग (कनिष्ठ) यांना विचारण्यात आले की तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, गोरे किती. प्रश्न कोंडीत पकडणारा होता. किंगनी तो टाळला नाही. रविवारी सकाळचे अकरा म्हणजे ख्रिस्ती अमेरिकेतला वंशभेदाचा बहुधा सर्वांत ठळक तास, हे त्यांचे गाजलेले विधान याच वेळचे. आपली मंडळी कोणाला दूर ठेवत नाही, पण तिच्यात गोरे नाहीत, हेही त्यांना मान्य करावे लागले. तयार भाषणात हा कबुलीचा भाग इतक्या उघडपणे आला असता का, याची शंका वाटते. तो प्रश्नामुळे आला.

१५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅम, अलाबामा येथील सिक्स्टींथ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या. त्यानंतर काही दिवसांतच लेखक जेम्स बॉल्डविन आणि नीबूर यांचा संवाद न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणीसाठी मुद्रित झाला. या प्रकारातला इतका कसदार नमुना दुसरा सहज सापडणार नाही. एक जण लहानपणी हार्लेम या न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय वस्तीत उपदेशक झालेला आणि पुढे चर्चबाहेर पडलेला. दुसरा आजाराने थकलेला, आयुष्यभर मानवी पाप आणि सत्ता यांवर लिहिणारा प्राध्यापक. स्फोटात चर्चच्या रंगीत काचेतील ख्रिस्ताचा चेहरा तेवढा उडून गेला होता. त्याचा अर्थ काय, हे विचारल्यावर बॉल्डविननी रूढ सांत्वनाचा आधार घेतला नाही. संगमरवरासारख्या गोऱ्या ख्रिस्ताने आम्हाला फार काळ छळले, तेव्हा तो चेहरा नाहीसा होणे हे एक प्रकारे यशच, असे ते म्हणाले. देशात ख्रिस्ती धर्मावर खरा विश्वास उरला आहे तो सर्वाधिक तिरस्कृत लोकांमध्ये, हा त्यांचा दावा नीबूरना खोडून काढावासा वाटला नाही. मुलींच्या मृत्यूला आठवडाही उलटला नव्हता; नागरी हक्क कायदा व्हायला आणखी नऊ महिने होते. ते ठाऊक नसलेल्या माणसांचा हा आवाज आहे, आणि ऐकताना तेच मनाला भिडते.

स्विस प्रॉटेस्टंट धर्मविचारवंत कार्ल बार्ट यांनाही इथे वेगळे स्थान आहे. १९१४ मध्ये आपल्या जर्मन गुरूंनी कैसरच्या युद्धाला पाठिंबा देणाऱ्या जाहीरनाम्यावर सह्या केलेल्या पाहून हे धर्मविज्ञान पोकळ आहे, असे त्यांना वाटले. चर्चवरील नाझी वर्चस्वाला विरोध करणाऱ्या १९३४ च्या बार्मेन घोषणापत्राचे ते मुख्य लेखक. एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र, ही कल्पना त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. वर्तमानपत्राचा अर्थ बायबलच्या प्रकाशात लावायचा, उलट नव्हे, हा त्यातला त्यांचा आग्रह मात्र अनेकदा गाळला जातो. एप्रिल १९६२ मध्ये शिकागो येथे झालेल्या परिसंवादात हार्लेममध्ये गरिबांचे खटले लढवणारे वकील विल्यम स्ट्रिंगफेलो यांनी त्यांना ‘सत्ता आणि अधिपती’ या पौलाच्या शब्दांविषयी विचारले. अमेरिकेतल्या संस्था आणि पैसा यांना ते शब्द कसे लागू पडतात, हा प्रश्नामागचा रोख होता. या माणसाचे ऐका, असे बार्टनी श्रोत्यांना सांगितले. त्यांच्या अखेरच्या दशकातील अशा संवादांचे खंड त्यांच्या समग्र साहित्यात समाविष्ट आहेत.

सोलेन्तिनामे

निकाराग्वा सरोवराच्या दक्षिणेकडील सोलेन्तिनामे द्वीपसमूहावर कवी आणि धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांनी १९६६ मध्ये एक लहानसा समुदाय वसवला. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ते प्रवचन देत नसत. शुभवर्तमानातला उतारा वाचायचा आणि मग बेटावरचे शेतकरी, कोळी, बायका आणि तरुण यांनी त्यावर बोलायचे, असा परिपाठ होता. या चर्चांचे टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि त्यांवरून ‘एल एव्हानखेलियो एन सोलेन्तिनामे’ हा संग्रह स्पॅनिशमध्ये १९७५ आणि १९७७ मध्ये निघाला.

देशावर तेव्हा सोमोसा घराण्याची हुकूमशाही होती. येशूच्या जन्माच्या वेळी हेरोद राजाने बालकांची कत्तल केली हा उतारा वाचताना बोलणाऱ्यांना सोमोसा आठवणे साहजिक होते. येशूची आई मरिया हिच्या स्तोत्रात देव बलाढ्यांना सिंहासनांवरून खाली ओढतो असे येते; हे हेरोदाने ऐकले असते तर तो काय म्हणाला असता, असे कार्देनालनी विचारले. वेडी म्हणाला असता, कम्युनिस्ट म्हणाला असता, असे उत्तर आले. विद्यापीठात शिकलेल्या कोणा भाष्यकाराने इतक्या कमी शब्दांत हे सांगितले असते असे वाटत नाही. ज्यांच्या आयुष्यावर बातमी रोज येऊन आदळते, त्यांनी केलेले हे भाष्य आहे. त्याचे बळ त्यातच आहे.

ऑक्टोबर १९७७ मध्ये समुदायातील तरुणांनी सान कार्लोस येथील लष्करी ठाण्यावरच्या हल्ल्यात भाग घेतला. त्यानंतर नॅशनल गार्डने सोलेन्तिनामेची वस्ती उद्ध्वस्त केली. शांततावादी जेझुइट डॅनियल बेरिगन यांनी कार्देनालना जाहीर पत्र लिहून शस्त्र उचलण्याला विरोध केला. तोही याच चर्चेचा पुढचा भाग मानायला हवा, कारण त्यांचा आक्षेप त्याच शुभवर्तमानावर उभा होता. सोमोसांच्या पाडावानंतर आलेल्या क्रांतिकारी सरकारात कार्देनाल पुढे सांस्कृतिक मंत्री झाले आणि १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना मानाग्वा विमानतळावर सर्वांसमोर बोट रोखून समज दिली. बेटावरच्या त्या रविवारच्या बोलण्यांत हे सगळे बीजरूपाने आहे : आशा आहे, धाडस आहे आणि हिंसेविषयीचा न सुटलेला प्रश्नही आहे.

विचाराची रीत

बातमीवरून थेट एखाद्या वचनावर उडी मारणे ही या प्रकारातली सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक सवय. राज्यसत्तेविषयीचे उदाहरण पुरेसे आहे. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्र आणि इतर प्रेषित माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असे म्हणतात. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात तीच सत्ता समुद्रातून वर येणारे श्वापद होते. चांगला संवाद ही तिन्ही वचने एका मेजावर आणतो. यांतले एकच वाचणारा आपला पक्ष आधीच ठरवून बसलेला असतो.

परंपरेप्रमाणे चौकटीही बदलतात. कॅथलिक बोलणारे १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या पोपच्या परिपत्रकापासून वाढलेली सामाजिक शिकवण, मजुरीचा न्याय आणि सर्वहित यांकडे वळतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘काळाची चिन्हे’ पारखण्याचे कर्तव्य सांगितल्यापासून हा शब्दप्रयोग त्यांच्यात रुळला आहे. सुधारित प्रॉटेस्टंट परंपरेतले लोक सृष्टी, पतन आणि उद्धार या क्रमाने विचार करतात. डच धर्मविचारवंत अब्राहम काइपर यांनी १८९८ मध्ये प्रिन्स्टन येथे दिलेली व्याख्याने हा त्यांचा मोठा आधार.

इतिहासाबाबत केंब्रिजचे इतिहासकार हर्बर्ट बटरफील्ड यांनी घालून दिलेली मर्यादा मोलाची आहे. इतिहासकाराची साधने घटना कशा घडल्या ते सांगतात. त्यांतून देवाचा हात बोटाने दाखवता येत नाही, पण प्रत्येक पिढीत माणूस स्वतःला निर्दोष समजतो आणि फसतो, हे मात्र दिसते.

फीत, कॅसेट, पॉडकास्ट

स्वित्झर्लंडमधील युएमो गावात फ्रान्सिस आणि ईडिथ शेफर या दांपत्याने १९५५ मध्ये लाब्री हे निवासी ख्रिस्ती अभ्यासकेंद्र सुरू केले. तेथे येणाऱ्या तरुणांच्या प्रश्नांवर झालेली व्याख्याने आणि चर्चा फितींवर जगभर गेल्या. राहायला येणारे विद्यार्थी दिवसाचा काही वेळ फिती ऐकण्यात घालवत. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने हे काम स्वस्त केले. १९९० च्या दशकाच्या आरंभी केन मायर्स यांनी लेखक आणि अभ्यासकांच्या मुलाखतींचे ध्वनिनियतकालिक कॅसेटवर काढले. ‘मार्स हिल’ हे त्याचे नाव अथेन्समधील ज्या अरीयपगावर (इंग्रजीत मार्स हिल या टेकडीवर) पौल बोलला त्यावरून आले.

२००५ मध्ये लंडनच्या प्रीमियर ख्रिश्चन रेडिओवर ‘अनबिलीव्हेबल?’ सुरू झाले. श्रद्धाळू आणि नास्तिक यांना समोरासमोर बसवणे हे त्याचे सूत्र. पॉडकास्टमुळे तास-दीड तासाचे सलग बोलणे पुन्हा शक्य झाले. २०२१ मध्ये ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या अमेरिकी नियतकालिकाने पॉडकास्टमधून सिअ‍ॅटलमधील एका मोठ्या मंडळीचा उत्कर्ष आणि २०१४ मधला शेवट अनेक माजी सभासदांच्या मुलाखतींतून मांडला. ख्रिस्ती विचार इथे जगाला लावण्याआधी स्वतःच्या घराला लावला गेला. मात्र सूत्रसंचालक आणि पाहुणे एकाच मताचे असतील, तर दोन आवाज असूनही ते प्रवचनच राहते, आणि असे कार्यक्रम पुष्कळ आहेत.

छापील प्रतीवरून अशा संवादाचा अभ्यास करणाऱ्याने शक्य असेल तिथे मूळ आवाज ऐकावा. बॉल्डविन आणि नीबूर यांच्या बोलण्यातले थांबणे कागदावर उतरत नाही.