वहीतली नोंद आणि वहीतली चिठ्ठी: लेंटीव्हायरस व एएव्ही यांची गल्लत

थॅलेसेमियाग्रस्त (रक्तातले हिमोग्लोबिन पुरेसे न बनण्याचा जन्मजात आजार असलेल्या) मुलांच्या पालकांसाठी कोल्हापुरात वाटलेल्या एका माहितीपत्रकात ‘एएव्ही टोचून रक्ताच्या मूलपेशी बऱ्या करतात’ असे वाक्य नुकतेच वाचले. एएव्ही आणि लेंटीव्हायरस हे पेशीत जनुक पोहोचवण्यासाठी वाहन म्हणून वापरले जाणारे दोन वेगळे विषाणू; थॅलेसेमियात मूलपेशींत जनुक घालतो तो लेंटीव्हायरस, एएव्ही नव्हे. हीच चूक इतक्या ठिकाणी वाचली आहे की ती एकदा नीट खोडून काढणे भाग आहे.

एएव्ही हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) उपचारामुळे बहुतेकांना ठाऊक असतो: शिरेतून दिला की तो यकृतात पोहोचतो आणि तिथल्या पेशी फॅक्टर नऊ हे रक्त गोठवणारे प्रथिन बनवू लागतात. आजार रक्ताचा म्हणवला जातो, उपचार मात्र यकृतावर होतो. घोटाळा इथूनच सुरू होतो. दोन्ही विषाणूंची स्वतःची बहुतेक जनुके काढलेली असतात आणि लेंटीव्हायरसमध्ये अधिक लांबीचे जनुक मावते, एवढे सांगून पुढे जाणे बरे.

एएव्हीने आणलेले जनुक बहुतांशी गुणसूत्राबाहेर सुटे राहते. लेंटीव्हायरस ते गुणसूत्रातच जोडतो. मार्केट यार्डातल्या गूळ-अडत्याच्या वहीत लिहिलेली बाकी पाडव्याला नव्या वहीत ओढली जाते, पण पानांत खोचलेली चिठ्ठी जुन्या वहीतच राहते. यकृताच्या पेशी क्वचितच विभागतात, म्हणून तिथे चिठ्ठीवरही वर्षानुवर्षे काम भागते. तांबडी पेशी मात्र जेमतेम १२० दिवस जगते, तिची जागा भरण्यासाठी मूलपेशींची संतती अखंड विभागत राहते, आणि प्रत्येक विभागणीत सुटे जनुक विरळ होत जाते. थॅलेसेमियात म्हणूनच नोंद, म्हणजे लेंटीव्हायरस लागतो. जनुक-संपादनात, म्हणजे पेशीतल्याच जनुकाची नेमकी दुरुस्ती करण्याच्या तंत्रात, एएव्ही दुरुस्तीचा नमुना पुरवतो हे खरे, परंतु तिथे जोडणी पेशीच करते.

या नोंदीची किंमत पालकांना आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मुलाच्या मूलपेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत त्यांत जनुक घालतात, बुसल्फानसारख्या औषधाने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि मगच पेशी परत देतात. लेंटीव्हायरसच्याच कुळातल्या जुन्या रेट्रोव्हायरसच्या पॅरिसमधील प्रयोगात जनुक नको तिथे जोडले गेल्याने काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता. लेंटीव्हायरसच्या सुधारित रचनेत हा धोका कमी असला तरी शून्य नाही.

अमेरिकेत २०२२ साली थॅलेसेमियासाठी लेंटीव्हायरसच्या आणि हिमोफिलिया बी (फॅक्टर नऊची कमतरता) साठी एएव्हीच्या उपचाराला मान्यता मिळाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मात्र हिमोफिलिया ए (फॅक्टर आठची कमतरता) च्या पाच रुग्णांवर लेंटीव्हायरसनेच, त्यांच्या मूलपेशींतून उपचार केले. तेव्हा नुसत्या आजाराच्या नावावरून विषाणू ठरवू नये. औषध थेट शिरेत देणार, की पेशी बाहेर काढून त्यांत जनुक घालणार, हे डॉक्टरांना आधी विचारावे.