सिलिंडरमधला गॅस आणि पोटातला गॅस

‘गॅस बारीक कर’, ‘गॅस संपला’ आणि ‘गॅस झालाय’ या रोजच्या वाक्यांत आपण एकच शब्द शेगडी, इंधन आणि पोटाची तक्रार अशा तीन गोष्टींसाठी वापरतो. हा शब्द ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्ट फान हेलमाँट या वैद्याने सतराव्या शतकात घडवला. ६२ पौंड कोळसा जाळून एकच पौंड राख उरली, तेव्हा उरलेल्या ६१ पौंडांचे जे अदृश्य रूप निसटून गेले, त्याला त्याने ‘केऑस’ या ग्रीक शब्दावरून हे नाव दिले.

आपण ज्याला ‘गॅस’ म्हणतो, तो सिलिंडरमध्ये मात्र बहुतांशी द्रव असतो. घरगुती सिलिंडरमधले १४.२ किलो इंधन म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन. दाबाखाली ते द्रव होतात आणि वरच्या मोकळ्या जागेत त्यांची वाफ साठते. द्रवातून रेणू सतत बाहेर पडतात व वाफेतून परत येतात, आणि ही ये-जा समतोल झाली की वाफेचा दाब स्थिरावतो. तो ठरतो तापमानावर आणि मिश्रणाच्या प्रमाणावर, द्रव किती उरला आहे यावर नव्हे. शेगडी पेटवल्यावर जेवढी वाफ बाहेर जाते, तेवढी द्रवातून नव्याने तयार होते. म्हणूनच ज्योत पाहून सिलिंडर किती भरलेला आहे हे सांगता येत नाही, त्यासाठी वजनच करावे लागते. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता द्रवातूनच घेतली जात असल्याने टाकी गार पडते. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. त्यामुळे प्रोपेन आधी निघून जातो, मागे ब्युटेनचे प्रमाण वाढते, आणि थंडीच्या पहाटे शेवटी शेवटी ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडर आडवा करण्याची सवय घातक आहे, कारण त्यामुळे वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो.

पोटातला गॅस निराळा: गिळलेली हवा, शिवाय आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेले हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही जणांत मिथेन. छातीतली जळजळ बहुधा आम्लामुळे होते, तरी तिलाही ‘गॅस’ म्हणतात. ही ढिलाई जिवावर बेतू शकते, कारण हृदयविकाराचा झटकाही ‘गॅस’ समजून दुर्लक्षिला जाऊ शकतो. छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ यांवर ओवा-सोडा घेत बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठून ईसीजी काढावा.