ड्रायर व्हेंटचं सर्टिफिकेट, नोंदणी आणि परमिट: अमेरिकेत अर्ज कुठे अडतो?

कपडे वाळवायच्या ड्रायरची गरम, दमट हवा घराबाहेर नेणारी नळी म्हणजे व्हेंट. काम दिसायला सोपं, पण नळीत लिंट, म्हणजे कपड्यांचा भुसा, साचला की तो कापसासारखा पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब काढला तेव्हा घरांतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० भरल्या. म्हणून हे काम शिकून, कागद नीट करूनच घ्यावं.

सर्टिफिकेटचं नाव सी-डेट, म्हणजे सर्टिफाइड ड्रायर एक्झॉस्ट टेक्निशियन. ते देते चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका. अभ्यासक्रम करा, परीक्षा द्या, आचारसंहितेवर सही करा, फी भरा. इथवर सहसा कुणी अडत नाही.

अडतात ते पुढे. पहिली गोष्ट, सी-डेट हा सरकारी परवाना नाही. तुम्हाला काम कळतं, एवढाच तो दाखला. काम घ्यायला राज्याची नोंदणी किंवा लायसन्स वेगळं लागतं आणि त्याचे नियम प्रत्येक राज्यात निराळे. दुसरी, सर्टिफिकेट माणसाचं असतं, कंपनीचं नव्हे. पार्टनरकडे सी-डेट आहे म्हणून तुम्ही स्वतःला सर्टिफाइड म्हणवून घेऊ शकत नाही. सी-डेटची मुदत तीन वर्षांची. नूतनीकरणाची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

न्यू जर्सीचं उदाहरण घेऊ, कारण आपली माणसं तिथे भरपूर. घरदुरुस्तीची कामं घेणाऱ्याला राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी करावी लागते. तिथे लोक दोन ठिकाणी चुकतात. नोंदणीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. ऑक्टोबरात घेतली म्हणून पुढच्या ऑक्टोबरापर्यंत चालेल, असं धरू नका. आणि विम्याचा कागद. जनरल लायबिलिटीचा, म्हणजे कामात दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, विमा प्रत्येक घटनेमागे किमान ५ लाख डॉलरचा हवा. गाडीचा विमा किंवा घराचा विमा जोडून कितीतरी जण अर्ज परत घेऊन येतात. २०२४ च्या कायद्याने बाँडची, म्हणजे हमीच्या रकमेची, अटही आली आहे, तेव्हा जुन्या मित्राची जुनी यादी वापरू नका.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये, लायसन्सवर वडिलांचं नाव गायब, विम्यावर नुसतं आद्याक्षर. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधीच एक स्पेलिंग ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. नंतर दुरुस्तीला लागणारे आठवडे तुमच्या पहिल्या कामातून वजा होतात.

आणखी एक, कळकळीने सांगते. सर्टिफिकेटमुळे काम करायची परवानगी मिळत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी व्हेंटची कामं घेता येत नाहीत. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, हातात येईपर्यंत थांबा. चारशे डॉलरच्या कामासाठी व्हिसा धोक्यात घालू नका.

आता परमिट आणि इन्स्पेक्शन. इथे मी खरी हळहळ पाहिली आहे. घरांच्या आंतरराष्ट्रीय कोडनुसार नळीची लांबी ३५ फुटांपर्यंत, पण ९० अंशाच्या प्रत्येक साध्या एल्बोमागे, म्हणजे नळी वळवणाऱ्या कोपऱ्यामागे, ५ फूट आणि ४५ अंशाच्या एल्बोमागे अडीच फूट धरायचे. ओळखीच्या एका मुलाने २२ फूट नळी टाकली, 'मर्यादेच्या खूप आत आहे' म्हणाला. एल्बो होते चार. २२ अधिक २० म्हणजे ४२. इन्स्पेक्टरने बोटाने एल्बो मोजले आणि काम नापास. तो मुलगा भिंतीकडे बघत उभाच राहिला.

तरीही वाट होती. ड्रायर कोणता ते ठरलेलं असेल आणि त्याच्या कंपनीच्या माहितीपत्रकात जास्त लांबी चालते असं लिहिलेलं असेल, तर ती लांबी धरता येते. मात्र भिंत बंद करण्याआधीच्या तपासणीत त्या मॉडेलचं माहितीपत्रक इन्स्पेक्टरच्या हातात द्यावं लागतं. हाच तो कागद, जो कुणाकडेच नसतो! घरमालकाने तो खोक्यासकट फेकलेला असतो. मॉडेल नंबर आधीच विचारा, पत्रक छापून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कामाच्या जागी चिकटवा. धरलेली लांबी ३५ फुटांवर गेली तर तो आकडा लिहिलेलं कायमचं लेबल नळीच्या ड्रायरकडच्या जोडणीपासून ६ फुटांच्या आत लावा. माहितीपत्रकाची ही साधी सोय अर्जाच्या फॉर्मवरच ठळक छापली, तर किती माणसांचा दिवस वाचेल.

बाकीचं थोडक्यात. नळी ४ इंच व्यासाची, गुळगुळीत धातूची. स्क्रू आत एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त शिरू देऊ नका, त्याच टोकाला लिंटचा पहिला धागा अडकतो आणि मग त्यावर बोळा चढतो. बाहेरच्या तोंडाला जाळी लावायची नाही. पक्षी येतात म्हणून घरमालक आग्रह धरतो, पण जाळी महिन्याभरात राखाडी गादीसारखी भरते. तिथे हवा उलटी न येऊ देणारी झडप हवी. गॅसचा ड्रायर असेल तर गॅसच्या जोडणीला हात लावण्याआधी त्या कामाचं लायसन्स लागतं का, हे गावच्या बिल्डिंग खात्याला विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या.