संमिश्र प्रतिसाद (व्हिडिओ गेम समीक्षा)

संमिश्र प्रतिसाद हा व्हिडिओ गेमच्या समीक्षेतला एक निकाल आहे. गेम डोक्यावरही घेतला जात नाही आणि निकालातही काढला जात नाही, तेव्हा तो या पट्ट्यात येतो. मेटाक्रिटिक या संकलन संकेतस्थळाच्या मोजमापात १०० पैकी ५० ते ७४ गुण मिळालेल्या गेमवर ‘मिश्र किंवा सरासरी’ असा पिवळा शिक्का बसतो. या शिक्क्यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे, कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टी त्याने एकाच खुंटीला टांगल्या आहेत.

गोव्यातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. इथल्या वर्तमानपत्रांत ‘गेमिंग’ म्हटले की मांडवीतली कॅसिनो जहाजे आणि गेमिंग आयुक्त आठवतात. ही नोंद त्या खेळांविषयी नाही. ती संगणक, कन्सोल (टीव्हीला जोडायची गेमयंत्रे) आणि मोबाइलवरच्या गेमविषयी आहे.

शब्दाचा अर्थ

मराठी नाट्यसृष्टीत ‘प्रयोगाला संमिश्र प्रतिसाद लाभला’ असे छापून आले की जाणकार समजून जातो की मागच्या दहा रांगा रिकाम्या होत्या. पडले म्हणायचे नाही म्हणून वापरलेला हा सभ्य शब्द. गेमच्या समीक्षेत मात्र तो शब्दशः घ्यावा लागतो आणि तिथे त्याचे दोन अर्थ निघतात.

पहिला अर्थ बेताचा. सगळ्यांनी पाहिले, सगळ्यांना ठीक वाटले, आठवडाभराने कुणालाच आठवले नाही. गावोगावच्या एकांकिका आणि भजन स्पर्धांत पहिल्या तीन क्रमांकांनंतर ‘उत्तेजनार्थ’ म्हणून जे काही हातात ठेवतात, तो हा प्रकार. गोव्यात त्याला एका शब्दात ‘चलता’ म्हणतात. दुसरा अर्थ वादग्रस्त. एक परीक्षक उभा राहून टाळ्या वाजवतो आणि दुसरा मध्यंतरालाच निघून जातो. नाटकाच्या निकालानंतर चहाच्या गाड्यावर जी भांडणे रंगतात, ती या दुसऱ्या प्रकारावरून. उत्तेजनार्थ बक्षिसावरून सहसा कुणी भांडत नाही.

आकडेमोड केली तर दोन्ही सारखेच दिसतात. समजा एका गेमला चार समीक्षकांनी ६५, ६८, ६२ आणि ६५ गुण दिले आणि दुसऱ्याला ९५, ९०, ४० आणि ३५. दोन्हींची सरासरी ६५ येते आणि दोघांवर तोच पिवळा शिक्का बसतो. पहिला गेम घ्यावा की नाही हे या आकड्यावरून बऱ्यापैकी कळते. दुसऱ्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

गुणांची पट्टी

मेटाक्रिटिक २००१ साली सुरू झाले. निरनिराळ्या नियतकालिकांचे गुण १०० च्या पट्टीवर आणून ते भारित सरासरी काढते. कोणत्या प्रकाशनाचे वजन किती, हे ते उघड करत नाही. चित्रपटांना ६१ पासूनच हिरवा रंग मिळतो, गेमला त्यासाठी ७५ गाठावे लागतात. म्हणजे ६५ गुणांचा चित्रपट अनुकूल गटात आणि ६५ गुणांचा गेम संमिश्र. पणजीत इफ्फीच्या रांगेत उभे राहणाऱ्यांनी दोन्ही आकडे एकाच मापाने मोजू नयेत.

आपल्याकडचा घोळ आणखी वेगळा आहे. दहावीच्या गुणपत्रिकेत ६० ला फर्स्ट क्लास आणि ७५ ला डिस्टिंक्शन बघत आपण मोठे झालो. त्यामुळे ६८ गुणांचा गेम मराठी डोळ्यांना चांगला पास झालेला दिसतो. गेमच्या जगात मात्र डिस्टिंक्शनखाली सगळे काठावर पास. दहापैकी सात म्हणजे ‘बरा आहे’ आणि पाच म्हणजे ‘वाईट’ असा अलिखित रिवाज तिथे वर्षानुवर्षे आहे. ब्रिटनच्या ‘एज’ मासिकाने मात्र पाच म्हणजे खरोखरच मधोमध असे धरून गुण दिले आणि त्यामुळे ते कंजूष ठरले. जपानच्या ‘फामित्सू’मध्ये चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चारही आकडे छापले जातात. मतभेद झाकले जात नाहीत, हा या पद्धतीचा मोठा गुण.

२०१५ मध्ये आलेल्या ओपनक्रिटिक या दुसऱ्या संकलन संकेतस्थळाने गुणांसोबत किती टक्के समीक्षक गेमची शिफारस करतात हेही दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षी ‘युरोगेमर’ या समीक्षा संकेतस्थळाने आकडे देणेच थांबवले होते, पण २०२३ मध्ये ते पाच ताऱ्यांकडे परतले. आकड्यांना कितीही नावे ठेवली तरी वाचक आधी आकडाच बघतो.

स्टीम या विक्रीमंचावर हिशेब निराळाच. तिथे ग्राहक अंगठा वर करतो किंवा खाली. मधले काही नाही. ४० ते ६९ टक्के अंगठे वर असले की गेमवर ‘मिश्र’ अशी पाटी लागते. ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यालाही तिथे एक बाजू घ्यावीच लागते. म्हणून स्टीमवरचा मिश्र गेम नेहमी भांडणातलाच दिसतो, मग तो मुळात कितीही मिळमिळीत असो.

मतभेदाचे दोन नमुने

वादग्रस्त प्रकारातले ठळक उदाहरण म्हणजे २०१० सालचा जपानी भयकथा गेम ‘डेडली प्रीमनिशन’. आयजीएन या गेम संकेतस्थळाच्या समीक्षकाने त्याला दहापैकी २ दिले, डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या संकेतस्थळाच्या समीक्षकाने दहापैकी १०. चित्रण जुनाट, गाडी चालवणे कंटाळवाणे, गोळीबार ओबडधोबड. याबाबत दोघांत फारसे दुमत नव्हते. एकाला हे सगळे असह्य झाले आणि दुसऱ्याला गेममधल्या त्या वेड्यावाकड्या गावात राहावेसे वाटले. समीक्षकांत सर्वाधिक दुफळी पाडणारा भयकथा गेम म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंद केली.

‘गॉड हँड’ हा २००६ सालचा मारामारीचा गेम याच जातीचा. आयजीएनने त्याला दहापैकी ३ गुण दिले, सरासरी मात्र ७३ वर थांबली. पुढे तो मारामारीच्या गेमच्या चाहत्यांचा लाडका झाला. त्याचा कठीणपणा काहींना दोष वाटला आणि काहींना तीच त्याची खासियत.

गुणांची किंमत

मधल्या निकालाने कुणाची नोकरी जाईल असे वाटत नाही. पण गेली आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉटचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच : डेड मेन’ला दहापैकी ६ गुण दिले. त्याच गेमच्या जाहिरातींनी तेव्हा संकेतस्थळाची भिंत रंगली होती. काही दिवसांत गर्स्टमन यांना काढून टाकण्यात आले. दबावाखाली असे केल्याचा संकेतस्थळाने इन्कार केला. २०१२ मध्ये गर्स्टमन यांनी स्वतः सांगितले की कमी गुणांवरून जाहिरातदारांची नाराजी आणि त्यापुढे नमलेले नवे व्यवस्थापन, हेच त्यामागचे कारण होते. लक्षात घ्या, गुण ६ होते, २ नव्हते. त्या गेमची एकूण सरासरीही साठीतच राहिली.

दुसरा किस्सा एका गुणाचा. २०१० च्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’वर करारानुसार मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर निर्मात्या ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता. मिळाले ८४. रचनाकार क्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये हे उघड केले. हा गेम संमिश्र नव्हेच, पण सरासरीला पैसे बांधले की काय होते ते इथे दिसते. चार दिवस गेम खेळून कुणीतरी लिहिलेला ७ आणि ८ मधला फरक शेवटी तिसऱ्याच माणसाच्या पगारात उतरतो.

‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा संगणकावर त्याची सरासरी ८६ होती आणि प्लेस्टेशन ४ वर ५७. गेम एकच, निकाल दोन. समीक्षकांना आधी फक्त संगणकाची आवृत्ती दिली गेली होती, त्यामुळे पहिल्या दिवशीचे कौतुक जुन्या कन्सोलवाल्यांच्या उपयोगाचे नव्हते. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला.

मागाहून बदललेले मत

‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला. गाजावाजा आभाळाएवढा झाला होता आणि त्या मानाने ताटात फार थोडे वाढले होते. प्लेस्टेशन ४ वर सरासरी ७१. हॅलो गेम्स या छोट्या चमूने त्यानंतर वर्षानुवर्षे फुकट सुधारणा दिल्या आणि स्टीमवरचे शेरे हळूहळू रसातळातून ‘अत्यंत सकारात्मक’पर्यंत चढले. मेटाक्रिटिकवरचे ७१ मात्र तसेच राहिले, कारण तिथे प्रकाशनाचा पहिला गुणच धरला जातो. निकाल एकदा लागला की फेरतपासणी नाही.

‘फायनल फँटसी १४’ने वेगळी वाट धरली. २०१० ची आवृत्ती ४९ वर, म्हणजे संमिश्रच्याही एक पायरी खाली अडकली. तेव्हा निर्मात्यांनी ती बंद केली आणि २०१३ मध्ये नव्याने बांधून नव्या उपनावाने आणली. तिला ८० च्या पुढे गुण मिळाले.

भारतीय विषय आणि पुण्याचा गेम

२०१६ च्या ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : इंडिया’त १८४१ च्या सुमाराचा, शीख साम्राज्याच्या काळातला भारत दिसतो. चित्रे देखणी, पण सावलीत लपून पुढे सरकण्याचा तोच तो खेळ. निकाल बेताच्या प्रकारातला. ‘स्कल अँड बोन्स’ हा चाच्यांचा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. त्याची पार्श्वभूमी हिंदी महासागर. आपल्या दारातल्या समुद्राचा विषय म्हणून किनाऱ्यावर उत्सुकता होती. पुन्हापुन्हा पुढे ढकलत त्याच्या निर्मितीला जवळपास दशक लागले. प्रकाशक युबिसॉफ्टच्या प्रमुखांनी त्याला ‘चार ए’ दर्जाचा म्हटले (मोठ्या खर्चाच्या गेमना ‘तीन ए’ म्हणतात), समीक्षकांनी साठीच्या आसपास आणून बसवले. गलबते सुंदर, खलाशाला जमिनीवर करण्यासारखे काही नाही.

मराठी वाचकाला जवळचा गेम म्हणजे ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी धाटणीचे महाल, छायाबाहुल्यांच्या शैलीत सांगितलेली कथा. या सगळ्याचे जगभर कौतुक झाले आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. लढाईतला अवघडलेपणा, छोटी लांबी आणि अर्ध्यावर तोडल्यासारखा शेवट यावर तेवढीच बोटे ठेवली गेली. इथे एक अडचण लिहून ठेवावी लागते. आपल्या माणसांचा गेम म्हणून कौतुकाचे दोन गुण वाढवावेत की नाहीत? परदेशी समीक्षकाला देवीचे चित्र नवे वाटले म्हणून गुण मिळाले असतील, तर आपल्याला ते रोजचे म्हणून कापावेत काय? मराठीत गेमवर नियमित लिहिणारेच इतके थोडे आहेत की हा वाद नीट झालेलाच नाही.

गोव्यातील संदर्भ

गोव्याच्या सार्वजनिक चर्चेत गेम बहुधा बंदीच्या बातमीतून येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पबजीला घराघरात शिरलेला राक्षस म्हटले होते. त्यावर अग्रलेख झाले, पालकसभा झाल्या. गेम म्हणून तो कसा आहे हा प्रश्न त्यात कुणाला पडला नाही.

तो प्रश्न पडतो खरेदीच्या वेळी. प्लेस्टेशन ५ च्या मोठ्या गेमची किंमत भारतात काही हजारांत जाते. चवथीच्या सुट्टीत काकाने हातात ठेवलेल्या पैशांत असा एकच गेम बसतो. ९० चा गेम डोळे मिटून घेता येतो, ४० चा सोडून देता येतो, पोरे अडतात ती ६८ वर. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळून १४ दिवसांत परत केल्यास पैसे मिळतात. पण ज्या गेमचे पहिले दोन तास छान आणि पुढचे वीस रटाळ, त्याच्यापुढे ही सोय लंगडी पडते.

परदेशी गुणपत्रिकेत एक रकाना नेहमी कोरा असतो. सतत इंटरनेट लागणाऱ्या गेमचा तिकडे फार तर एखादा गुण कापला जातो. सत्तरी तालुक्यात जुलैच्या पावसात झाड तारांवर पडून वीज गेली की असा गेम शून्यावर येतो. २०२३ चा ‘रेडफॉल’ हा तसा गेम. एकट्याने खेळतानाही जोडणी हवीच. समीक्षकांनी त्याला पन्नाशीत टाकला. जोडणीविना खेळण्याची सोय मे २०२४ मध्ये शेवटच्या सुधारणेत आली, आणि त्याच महिन्यात त्याचा स्टुडिओ बंद करण्याचा निर्णयही जाहीर झाला.

म्हापशाच्या एका गेम पार्लरात लेखकाने पाहिलेला कप्पा इथे नोंदवण्यासारखा आहे. डिस्कच्या रांगेत फुटबॉलचे सलग चार वर्षांचे गेम होते. दर नव्या वर्षी ‘मागच्यासारखाच’ म्हणून समीक्षकांनी हात आखडते घेतलेले, आणि मुले मात्र ताशी पैसे मोजून तेच मागत होती. मालकाने एकेक डिस्क उलटी करून दाखवली. फुटबॉलच्या डिस्क ओरखड्यांनी पांढऱ्या पडल्या होत्या. शेजारी नव्वदीतला एक नामांकित कथाप्रधान गेम होता, आरशासारखा स्वच्छ. ‘हा कसा?’ असे फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलाला विचारले. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, ‘चलता, पूण...’ आणि तेवढ्यात समोरच्याने गोल केला.